क्लोजिंगच्या वेळी प्रॉपर्टी टॅक्सची वाटणी: विक्रेत्याच्या जुन्या बिलावर किती भरवसा ठेवायचा?

औदुंबर | ८ जुलै २०२५

नमस्कार मंडळी,

नेपरव्हिलला (इलिनॉय, ड्यूपेज काउंटी) घर घेतोय. काल करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या आणि अ‍ॅटर्नी रिव्ह्यूचे पाच कामकाजाचे दिवस सुरू झाले. म्हणजे करारात काही बदलून घ्यायचं असेल तर सोमवारपर्यंतच वेळ आहे. क्लोजिंग (पैसे देऊन घर नावावर होण्याचा दिवस) १५ ऑगस्टला.

प्रश्न टॅक्सच्या वाटणीचा आहे. 'मागच्या पूर्ण वर्षाच्या बिलाच्या १०० टक्के धरून विक्रेते खरेदीदाराला क्रेडिट देतील' असं करारात आहे. आमची रिअल्टर म्हणते, इकडे १०५ टक्के सर्रास घेतात, तेवढं मागून बघू. मागच्या वर्षाचं बिल ७,३०० डॉलर आहे. पण काउंटीच्या साइटवर सहज पाहिलं, तर शेजारच्या जवळजवळ तशाच घराचं बिल १०,९५० डॉलर दिसतंय!

१. विक्रेत्यांनी जूनचा हप्ता भरलाय. मग ते आम्हाला पैसे कसले देणार?
२. १०० की १०५ टक्के, यासाठी भांडण्यात अर्थ आहे का?
३. दोन घरांच्या बिलात एवढा फरक कसा?

आमचा वकील सुट्टीवरून गुरुवारी येतोय. त्याच्याशी बोलण्याआधी विषय नीट समजून घ्यायचा आहे.

---

निंबोणी | ८ जुलै २०२५

अभिनंदन! नेपरव्हिलला आपली बरीच मंडळी आहेत, करमेल तुम्हाला.

इलिनॉयमध्ये प्रॉपर्टी टॅक्स वर्ष उलटून गेल्यावर भरतात. जूनमध्ये विक्रेत्यांनी भरला तो २०२४ चा पहिला हप्ता. सप्टेंबरच्या सुरुवातीला भरायचा तो २०२४ चाच दुसरा. २०२५ चं बिल पुढच्या वर्षी मेच्या सुमाराला येईल आणि ते तुम्हालाच भरावं लागेल. पण २०२५ मधले १ जानेवारी ते १४ ऑगस्ट हे दिवस घर त्यांच्या मालकीचं होतं. त्या दिवसांचा टॅक्स ते क्लोजिंगला तुमच्या हवाली करून जातात. क्रेडिट म्हणतात ते हेच.

७,३०० भागिले ३६५, म्हणजे रोजचे २० डॉलर. १ जानेवारी ते १४ ऑगस्ट २२६ दिवस होतात.

१०० टक्क्यांनी ४,५२० डॉलर
१०५ टक्क्यांनी ४,७४६ डॉलर
११० टक्क्यांनी ४,९७२ डॉलर

१५ ऑगस्ट हा दिवस कोणाच्या खात्यात धरायचा ते तुमच्या करारात लिहिलेलं असेल. त्याने वीस डॉलर इकडे तिकडे होतील, तेवढंच.

सप्टेंबरचा ३,६५० चा हप्ता या हिशोबात नाही. त्याचं बिल निघालेलं आहे, आकडा ठरलेला आहे, त्यामुळे टायटल कंपनी (मालकी तपासून क्लोजिंगचे पैसे हाताळणारी कंपनी) तो बहुधा क्लोजिंगलाच विक्रेत्यांच्या पैशातून भरून टाकते. पावती मात्र मागून घ्या.

१०५ आणि ११० टक्के कशासाठी? टॅक्स दर वर्षी थोडा वाढतो आणि क्रेडिट मात्र जुन्या बिलावर निघतं, ती वाढ भरून काढायला.

---

सह्यकडा | ८ जुलै २०२५

निंबोणींनी हिशोब चोख मांडलाय. पण औदुंबर, तुमच्या बाबतीत खरी गोम तिसऱ्या प्रश्नात आहे. पहिले दोन त्यापुढे किरकोळ आहेत.

काउंटी ट्रेझररच्या साइटवर घराचा पार्सल नंबर टाका आणि ७,३०० चं बिल पूर्ण उघडा. त्यात एक्झम्प्शनच्या, म्हणजे टॅक्सच्या सवलतींच्या ओळी असतात. कुठल्या कुठल्या ओळींत आकडा आहे ते इथे लिहा, मग बोलू.

---

औदुंबर | ८ जुलै २०२५

पाहिलं. तीन ओळींत आकडे आहेत: रहिवासी मालकाचं एक्झम्प्शन, सीनिअर, आणि सीनिअर फ्रीझ. विक्रेते वयस्कर जोडपं आहे, घर त्यांच्याकडे खूप वर्षांपासून आहे.

---

सह्यकडा | ८ जुलै २०२५

वाटलंच होतं.

सीनिअर फ्रीझ ही ६५ वर्षांवरच्या, मर्यादित उत्पन्नाच्या मालकांसाठीची सवलत आहे. ती मिळालेल्या वर्षापासून घराची आकारणी, म्हणजे टॅक्ससाठी धरलेली किंमत, तिथेच थांबते. आजूबाजूच्या घरांची वाढत जाते, यांची नाही. जितकी वर्षं जास्त, तितकी दरी रुंद. शेजारचे १०,९५० भरतात आणि हे ७,३००, ते यामुळे. सवलत अगदी रास्त आहे, पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला घर सोडायची वेळ येऊ नये म्हणूनच ती आहे. पण ती माणसाला मिळते, घराला नाही. तुम्हाला ती मिळणार नाही.

शिवाय फ्रीझचा अर्ज दर वर्षी नव्याने करावा लागतो. घर विकून निघालेल्या माणसांनी यंदाचा अर्ज केलाच नाही, तर २०२५ चं बिल कितीचं येईल? शेजारच्यासारखं, म्हणजे १०,९५० च्या आसपास धरा. रोजचे ३० डॉलर. २२६ दिवसांचे झाले ६,७८०.

तुमच्या हातात १०० टक्क्यांनी येणार ४,५२०. तूट २,२६० डॉलरची. आता १०५ काय नि ११० काय, ११० टक्के मिळाले तरी १,८०८ डॉलर तुमच्या खिशातून जातील. तेही त्यांच्या दिवसांच्या टॅक्ससाठी!

म्हणून टक्क्यांवर शक्ती खर्च करू नका. वकिलाला सांगा, री-प्रोरेशन मागा. म्हणजे २०२५ चं प्रत्यक्ष बिल आलं की २२६ दिवसांचा हिशोब खऱ्या आकड्यावर पुन्हा करायचा आणि फरकाची रक्कम तोपर्यंत टायटल कंपनीकडे एस्क्रोमध्ये, म्हणजे त्रयस्थाकडे राखून ठेवायची. नुसतं 'नंतर बघू' असं लिहून घेऊ नका. पुढच्या मेमध्ये ते कुठल्या राज्यात असतील, फोन उचलतील की नाही, कोण सांगणार? पैसे तिसऱ्याच्या हातात असले तरच त्या कलमाला अर्थ आहे.

आणि यंदाच्या फ्रीझचा अर्ज त्यांनी भरलाय का, नसेल तर भरतील का, हेही आत्ताच लेखी विचारून घ्या. त्यांनी भरला तर त्यांचेच पैसे वाचतात.

---

दवबिंदू | ९ जुलै २०२५

सह्यकडा यांचं म्हणणं पटतं, पण दुसरी बाजूही बघा. इलिनॉयमध्ये अ‍ॅटर्नी रिव्ह्यूत सुचवलेल्या बदलांवर एकमत झालं नाही तर करार रद्द होऊ शकतो. नेपरव्हिलच्या चांगल्या शाळांच्या भागात घराला चार-पाच ऑफर आल्या असतील, तर विक्रेते 'नको बाबा ही कटकट' म्हणून दुसऱ्या ऑफरकडे वळतील. घर मनासारखं असेल तर दोन हजारांसाठी ते घालवू नका.

---

सह्यकडा | ९ जुलै २०२५

दवबिंदू, धोका आहे हे मान्य. कसं मागायचं ते वकील ठरवेल, आणि नकार आला तर किती ताणायचं ते औदुंबर ठरवतील. पण आपण सवलत मागतोय अशा सुरात ते मागू नये. ज्या दिवसांत ते घरात राहिले त्या दिवसांचा टॅक्स आहे हा. आपल्यातली पहिल्यांदा घर घेणारी मुलं कर्जाच्या पाव टक्क्यासाठी दहा बँकांना फोन करतात आणि टॅक्सच्या ओळीवर नजरही न टाकता सही करतात. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून एवढं लिहितोय.

---

रानजाई | ९ जुलै २०२५

कुक काउंटीत (आम्ही शॉमबर्गला) प्रकरण अजून गुंतागुंतीचं आहे. कोणी इकडे घर बघत असेल तर वाचा.

इथे पहिला हप्ता मार्चमध्ये असतो आणि तो आदल्या वर्षाच्या एकूण टॅक्सच्या ५५ टक्के, डोळे झाकून. खरा टॅक्स ठरतो तो दुसऱ्या हप्त्यात, आणि तो कधी येईल याचा भरवसा नाही. २०२१ च्या टॅक्सचा दुसरा हप्ता भरायची तारीख होती ३० डिसेंबर २०२२! यंदाही जुलै उजाडला तरी २०२४ च्या दुसऱ्या हप्त्याचा पत्ता नाही.

त्यामुळे आत्ता कुकमध्ये क्लोजिंग असेल तर विक्रेत्याकडून दोन गोष्टी यायला हव्यात: २०२४ च्या न आलेल्या दुसऱ्या हप्त्याचे पैसे, आणि २०२५ चे क्लोजिंगपर्यंतचे दिवस. दोन्ही अंदाजावरच. क्लोजिंगच्या कागदावर यांची एकच ओळ दिसली तर तिथेच थांबा आणि विचारा. भर म्हणजे कुकमध्ये दर तीन वर्षांनी फेरआकारणी होते आणि आमच्या उत्तर उपनगरांची पाळी यंदा २०२५ लाच आहे. जुन्या बिलाचे १०५ टक्के इथे कितपत पुरतील, तुम्हीच ठरवा.

---

माळरान | ९ जुलै २०२५

नवीन बांधकाम घेणाऱ्यांसाठी, कारण आमच्याकडे डॅलसच्या उत्तरेला सगळे तेच घेतात.

टेक्सासमध्ये टॅक्सचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, बिल ऑक्टोबरच्या सुमाराला येतं आणि ३१ जानेवारीपर्यंत भरायचं. घराची किंमत धरतात ती १ जानेवारीची. १ जानेवारीला तिथे नुसता प्लॉट असेल तर त्या वर्षीचं बिल प्लॉटचं. पुढच्या वर्षी पूर्ण घराचं येतं आणि महिन्याचा हप्ता शेकडो डॉलरांनी उडी घेतो. बिल्डरच्या ऑफिसात दाखवतात ते पहिल्या वर्षाचे आकडे बघून महिन्याचं बजेट कधीही करू नका. प्लॉटचं बिल बाजूला ठेवा, घराच्या किमतीला त्या भागाचा एकूण टॅक्सदर लावून स्वतः गुणाकार करा.

जुनं घर घेणाऱ्यांसाठी इथल्या छापील करारात चांगली सोय आहे. वाटणी क्लोजिंगच्या दिवसापर्यंतची, आणि प्रत्यक्ष बिल वेगळं आलं तर दोन्ही पक्षांनी पुन्हा हिशोब जुळवायचा असं त्यात असतंच. फक्त ते पैसे कोणी बाजूला ठेवलेले नसतात. सह्यकडा म्हणतात तेच, माणूस शोधून वसूल करावे लागतात.

---

सह्यकडा | ९ जुलै २०२५

माळरान, नव्या घरांचा मुद्दा इलिनॉयलाही तंतोतंत लागू. माझ्या भाचीच्या करारात नव्या बांधकामासाठी किमतीच्या ३ टक्के रक्कम एस्क्रोमध्ये ठेवायचं कलम छापलेलंच होतं. एस्क्रोची मागणी म्हणजे काही जगावेगळं नाही, एवढंच सांगायचंय.

---

पारिजात | ९ जुलै २०२५

आमच्याकडे न्यू जर्सीत गंगा उलटी वाहते. टॅक्स तिमाही: १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर. विक्रेत्याने ऑगस्टचा हप्ता भरला की जुलै ते सप्टेंबर मोकळे. आमचं एडिसनचं क्लोजिंग १० सप्टेंबरला होतं, म्हणून १० ते ३० सप्टेंबर या २१ दिवसांचे पैसे *आम्ही* विक्रेत्याला दिले. तिमाही ३,२२० डॉलर, ९२ दिवस, रोजचे ३५, म्हणजे ७३५ डॉलर. क्लोजिंगला लागणारी रोकड तेवढ्याने वाढते, ती आधीच हाताशी ठेवा.

---

समुद्रपक्षी | १० जुलै २०२५

कॅलिफोर्निया: वर्ष १ जुलै ते ३० जून. पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत, दुसरा १० एप्रिलपर्यंत. एस्क्रो कंपनी वाटणी करते, ती सहसा ठीक असते. लक्ष ठेवायचं ते सप्लिमेंटल बिलावर. १९७८ च्या प्रॉप १३ या कायद्यामुळे जुन्या मालकाची आकारणी दबलेली असते. मालक बदलला की ती खरेदीच्या किमतीवर येते आणि फरकाचं वेगळं बिल काही महिन्यांनी थेट तुमच्या घरी येतं. ते बँकेकडे जात नाही, आणि ते पूर्णपणे तुमचं असतं, विक्रेत्याशी त्याचा संबंध नाही. जाहिरातींचं टपाल समजून फेकू नका, मुदत चुकली की दंड लागतो.

---

ताळेबंद | १० जुलै २०२५

इन्कम टॅक्सची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. व्यवसाय हाच आहे.

फेडरल कायद्यात (कलम १६४-डी) विक्रीच्या आदल्या दिवसापर्यंतचा प्रॉपर्टी टॅक्स विक्रेत्याचा आणि विक्रीच्या दिवसापासूनचा खरेदीदाराचा. चेक कोणी फाडला, क्रेडिट किती दिलं, करारात काय लिहिलं, याने ही विभागणी बदलत नाही.

औदुंबर यांचं उदाहरण घेऊ. २०२५ चं बिल १०,९५० आलं आणि २०२६ मध्ये त्यांच्या बँकेने ते भरलं, तर बँकेच्या १०९८ फॉर्मवर १०,९५० दिसू शकतात. पण वजावट मिळणार १५ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर या १३९ दिवसांची, म्हणजे ४,१७० डॉलर. उरलेले ६,७८० विक्रेत्यांचे. क्रेडिट ४,५२० च मिळालं आणि वरचे २,२६० औदुंबर यांनी सोसले, तर ते टॅक्स म्हणून वजा होत नाहीत, घराच्या खरेदीकिमतीत धरायचे. पुढे घर विकताना उपयोगी पडतील. क्लोजिंगचे सगळे कागद त्यासाठी सांभाळून ठेवा.

राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीला २०१८ पासून १०,००० डॉलरची मर्यादा होती. गेल्या आठवड्यात, ४ जुलैला सही झालेल्या कायद्याने २०२५ साठी ती ४०,००० केली आहे (उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं की ती कमी होत जाते). पती-पत्नींची स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट मिळणारी वजावट) यंदा ३१,५०० आहे. कर्जाचं व्याज आणि हे कर मिळून त्यापुढे जात असतील तरच हा हिशोब तुमच्या कामाचा. घर घेतलेल्या बऱ्याच जणांना यंदा तो नव्याने करावा लागेल.

---

मुठाकाठ | १० जुलै २०२५

वाचून पुण्याची आठवण झाली. आपल्याकडे अशी दिवसांची वाटणी सहसा कोणी करत नाही. विक्रेत्याने चालू वर्षाचा मिळकतकर भरल्याची पावती दाखवायची, फार तर खरेदीखतात 'ताब्यापर्यंतचे सर्व कर विक्रेत्याचे' असं एक वाक्य, झालं. कायदा मात्र १८८२ पासून आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्ये विक्रीपर्यंतचे सरकारी कर विक्रेत्याने आणि मालकी गेल्यावरचे खरेदीदाराने भरायचे असं स्पष्ट आहे.

तुमच्या सीनिअर फ्रीझसारखी अडचण इथेही होते. स्वतः राहणाऱ्या मालकाला पुणे महापालिकेत ४० टक्के सवलत आहे, पण नव्या मालकाला पीटी-३ अर्ज भरून ती स्वतः मिळवावी लागते. विक्रेत्याच्या कमी बिलावर विसंबून घेतलेल्या फ्लॅटचं पुढचं बिल वाढून आलं की लोक गडबडतात.

---

औदुंबर | १४ जुलै २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. इथले आकडे तसेच्या तसे वकिलापुढे ठेवले. तो म्हणाला, फ्रीझची ओळ त्याने पाहिलीच असती, पण शेजारच्या बिलाशी तुलना आयती मिळाली हे बरं झालं.

विक्रेत्यांच्या वकिलाने ११० टक्के नाकारले. शेवटी ठरलं ते असं: आत्ता १०५ टक्क्यांनी ४,७४६ डॉलर क्रेडिट. २०२५ चं बिल आल्यावर ३० दिवसांत प्रत्यक्ष आकड्यावर री-प्रोरेशन, दोन्ही बाजूंनी, म्हणजे बिल कमी आलं तर आम्ही परत द्यायचे. त्यासाठी विक्रेत्यांचे २,५०० डॉलर टायटल कंपनीकडे राहतील. फ्रीझ गेली असं धरलं तरी तूट २,०३४ ची, म्हणजे पुरतील. यंदाचा फ्रीझचा अर्ज अजून भरलेला नव्हता, तो ते भरणार आहेत.

दवबिंदू, तुम्ही म्हणालात तशी धाकधूक होतीच. पण त्या आजोबांनाच 'प्रत्यक्ष बिलावर हिशोब' ही गोष्ट जास्त पटली म्हणे, कारण फ्रीझ मिळाली तर त्यांचा जास्तीचा पैसा जाणार नाही.

---

दवबिंदू | १४ जुलै २०२५

फार छान झालं. दोन्हीकडून हिशोब करायचा म्हटल्यावर कोणाला आक्षेप घ्यायला जागा राहत नाही. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

---

निंबोणी | १४ जुलै २०२५

उत्तम! आता बँकेकडे वळा. महिन्याच्या हप्त्यात टॅक्सचा एस्क्रो (टॅक्ससाठी दरमहा बाजूला काढायची रक्कम) बँक बहुतेक ७,३०० वरच काढेल, म्हणजे महिन्याला साधारण ६०८ डॉलर. बिल १०,९५० चं झालं तर लागतील ९१२. ही तूट बँक नंतर एस्क्रोच्या वार्षिक तपासणीत काढते आणि पुढच्या बारा महिन्यांवर पसरून मागते. वर नवा चढा हप्ता असतोच, त्यामुळे एकदम दणका बसतो. फ्रीझ यंदा मिळाली तरी २०२६ च्या टॅक्समध्ये, म्हणजे २०२७ च्या बिलात, ती नसणारच. लोन ऑफिसरला आत्ताच सांगा की एस्क्रो फ्रीझशिवायच्या आकड्यावर काढा.

आणि ते ४,७४६ डॉलर कोणी हातात देत नाही, क्लोजिंगला भरायच्या रकमेतून वजा होतात. म्हणून ते फर्निचरमध्ये कधी विरून जातात कळत नाही. तेवढी रक्कम वेगळ्या सेव्हिंग्ज खात्यात टाका आणि पुढच्या जूनपर्यंत हात लावू नका.

---

औदुंबर | १७ ऑगस्ट २०२५

शुक्रवारी क्लोजिंग झालं. क्लोजिंग डिस्क्लोजर तीन दिवस आधी आलं होतं. तिसऱ्या पानावर 'विक्रेत्याने न भरलेल्या बाबी' या भागात काउंटी टॅक्ससमोर १ जानेवारी ते १४ ऑगस्ट आणि ४,७४६ बरोबर होतं. सप्टेंबरचा हप्ता विक्रेत्यांच्या रकान्यात दिसला. बँकेने एस्क्रो ७,३०० वरच ठेवलाय, म्हणून दरमहा ३०० डॉलर आम्हीच बाजूला टाकणार आहोत.

रहिवासी मालकाचं एक्झम्प्शन आमच्या नावावर आपोआप येतं का?

---

निंबोणी | १७ ऑगस्ट २०२५

नव्या घरात सुखाने राहा! आपोआप येईल असं धरून चालू नका. डीडची (खरेदीखताची) नोंद झाली की तुमच्या टाउनशिप असेसरच्या ऑफिसला फोन करा, अर्ज आणि राहत असल्याचा पुरावा काय लागतो ते सांगतील. बिल कुठल्या पत्त्यावर जातंय तेही त्याच वेळी विचारा. आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रेझररच्या साइटवर पार्सल नंबर टाकून दुसऱ्या हप्त्यासमोर 'भरला' दिसतंय ना ते बघा. दिसलं नाही तर त्याच दिवशी टायटल कंपनीला ईमेल करा, पावती जोडून.